टांगत्या कुंडीतला रिप्सालिस: पाणी देऊनही फांद्या सुरकुततायत

कौलारू
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. टांगत्या कुंडीत रिप्सालिस आहे. सुतळीएवढ्या जाडीच्या, गोल, हिरव्या, बिनकाट्यांच्या फांद्या खाली लोंबतात तो. मध्यंतरी छान होता. आता फांद्या बारीक झाल्यात, त्यांवर उभ्या सुरकुत्या आल्यात आणि हात लागला तरी टोकाची पेरं गळतात. पाणी नियमित घालतो. घातल्या घातल्या खालच्या भोकांतून बाहेर येतं, म्हणजे निचरा उत्तम आहे. कुंडी पूर्वेच्या खिडकीशेजारी छताच्या हुकाला टांगली आहे. वरचा भाग विरळ झालाय, झुपका आहे तो फक्त खाली.
वाचायला गेलं तर निम्मे लोक म्हणतात कॅक्टस आहे, पाणी तोडा. उरलेले म्हणतात जंगलातलं झाड आहे, पाणी वाढवा. काय करू?

शंकेखोर
आधी हा रिप्सालिसच आहे ना, ते पक्कं करा. शेराच्या बारीक फांद्याही अशाच दिसतात. एक पेर तोडून बघा. पांढरा चीक आला तर शेर किंवा त्याचा एखादा भाऊबंद. मग तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार जळजळतो.

कौलारू
चीक नाही. तुटल्या जागी नुसतं पाणीदार, किंचित बुळबुळीत.

शंकेखोर
मग कॅक्टसच. फांदीवर थोड्या थोड्या अंतरावर बारीक ठिपके असतील, एखाद्या ठिपक्यावर लवही असेल. एरवी काटे जिथून निघतात त्याच त्या जागा. इथे काटे उरलेले नाहीत, जागा तेवढ्या आहेत. फूल आणि नवी फांदी तिथूनच येते.

तळमजला
मुळं कुजली आहेत. माझं रोप असंच गेलं. पाणी ताबडतोब बंद करा.

दुपारचा चहा
नाही हो, सुरकुत्या म्हणजे तहान. सरळ आहे. पाणी वाढवा.

पारंबी
दोघांचंही बरोबर असू शकतं, म्हणून तर ही झाडं मरतात. फांदीत पाणी पोचत नाही एवढंच सुरकुती सांगते. का पोचत नाही, ते सांगत नाही. कुंडी कोरडी असेल तरी सुरकुती येते आणि मुळं कुजून पाणी ओढेनाशी झाली तरी अगदी तशीच येते. फांदीकडे बघून पाणी वाढवायचं की तोडायचं हे ठरवणं हा जुगार आहे. कुंडीत काय चाललंय ते बघा.

कौलारू, तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला खटकलं. पाणी घातल्या घातल्या बाहेर येतं, हे तुम्ही निचऱ्याचं लक्षण धरलंत. मला वेगळी शंका आहे. विकत आणलेली रोपं बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीटमध्ये (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) असतात. पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरायचंच नाकारतं, कोकोपीटही फार वाळलं की पटकन भिजत नाही. मुळांचा गोळा आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटतो आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून ओलं, मधे खडखडीत कोरडं. कोरड्या स्पंजावर पाणी ओतावं तसा प्रकार.

आधी कुंडी उचलून वजन बघा. पाणी घातल्यानंतर तासाभरानेही हलकी लागत असेल तर रोप अलगद बाहेर काढून गोळा बघा. या झाडाची मुळं उथळ आणि केसांसारखी बारीक असतात, त्यामुळे ओढाताण नको. मुळं पांढुरकी किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतील तर जिवंत आहेत. काळपट, लिबलिबीत असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरचं साल निघून आत नुसता दोरा राहत असेल, तर ती कुजलेली. वासही येतो.

कौलारू
पारंबीताई, कुंडी उचलली. रिकामी वाटावी इतकी हलकी! रोप काढलं तर गोळा मधे पूर्ण कोरडा आणि भुसभुशीत. मुळं फिकट, टणक, कडेकडेला पसरलेली. कुजका वास नाही. मात्र काही मुळांना पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतोय. ते परलाइट, म्हणजे मिश्रणात घालतात ते पांढरे हलके दाणे, असेल का?

पारंबी
परलाइटचा दाणा कडक असतो, चिमटीत चुरडतो. कापूस असेल आणि बोटाला मेणचट लागत असेल तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. रिप्सालिसवर तो बऱ्यापैकी आढळतो आणि कुंडीच्या आत असल्यामुळे कळतच नाही. कोरड्या गोळ्यात तो जास्त फोफावतो. पाणी पोचत नाही ते एक, वर हा मुळांतून रस पितोय. फांद्या सुरकुतणारच.

कौलारू
मेणचट आहे.

खटपट्या
मग जुनं माध्यम, म्हणजे कुंडीतलं मातीऐवजीचं मिश्रण, सगळं काढा. गोळा कोमट पाण्यात बुडवून ठेवलात की सैल होईल. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, दिसतील ते पुंजके बोटांनी काढा, फार माखलेली मुळं कापून टाका. जुनं माध्यम दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कुंडीही साबणाने आणि गरम पाण्याने घासून घ्या, कारण हा किडा तळाच्या भोकांच्या कडेला अंडी घालून बसतो. शेजारच्या कुंड्यांचीही तळं तपासा.
फांद्यांच्या बेचक्यांत कापूस दिसला तर कापसाच्या बोळ्याने 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. आधी एखाद्या फांदीवर लावून बघा आणि उन्हात लावू नका. एकदा करून भागत नाही, अंड्यांतून नवे निघत राहतात. आठवड्याच्या अंतराने पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

तळमजला
म्हणजे कुजलेलं नव्हतं तर. ठीक. पण माझ्याकडे जे झालं ते खरंच कुजणंच होतं, मुळं काळी होती.

पारंबी
तुमचं खोटं कुठे म्हणतेय? घरातलं रोप मरतं ते बहुधा त्यानेच. पण त्यात पाण्याइतकाच वाटा अंधाराचा असतो. कमी प्रकाशात झाड पाणी वापरत नाही, मग तेच पाणी कुंडीत पडून राहतं. तुमच्या सदस्यनामावरून अंदाज बांधते, घरात उजेड कमी आहे ना?

तळमजला
हो, आणि खिडकीसमोर भिंत. :)

शेवाळ
सविस्तर लिहितो, कारण गोंधळाचं मूळ 'कॅक्टस' या शब्दाने डोळ्यांसमोर येणाऱ्या वाळवंटात आहे. रिप्सालिस वाळवंट बघतही नाही. या प्रजातीतल्या सर्वाधिक जाती ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या दमट जंगलात आहेत. तिथे ती मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, बेचक्यांत, कधी खडकांवर वाढते. मुळं असतात शेवाळात आणि कुजलेल्या पाल्याच्या पातळशा थरात. तिथे पाऊस वरचेवर पडतो, पण थर पातळ आणि वारा भरपूर, म्हणून मुळं काही तासांत पुन्हा मोकळी होतात. पाणी वारंवार मिळतं आणि हवा कायम मिळते. कुंडीत आपण याच्या उलट करतो: खोल भांडं, बारीक माती, दिवसेंदिवस ओल.

म्हणून 'पाणी किती' याआधी 'माध्यम कसलं' हा प्रश्न यायला हवा. मी पाइनच्या सालीचे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे 2 भाग, कोकोपीट 1 भाग, परलाइट 1 भाग घेतो. वर मूठभर पालापाचोळ्याचं खत. आमरी (ऑर्किड) ज्या मिश्रणात लावतात त्याच्या जवळपास जाणारं, जरा जास्त ओल धरणारं. बारीक वाळू घालू नका, ती फटी बुजवते. कॅक्टसचं म्हणून जे तयार मिश्रण मिळतं त्यात पुष्कळदा वाळूच जास्त असते. इतक्या मोकळ्या मिश्रणात तुम्ही हात सैल सोडून पाणी घातलंत तरी मुळं गुदमरत नाहीत. वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर सुकला की भरपूर पाणी द्यायचं, बशीत साचलेलं ओतून टाकायचं. पूर्ण वाळायची वाट बघायची नाही.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी घ्या. या झाडाला तंग कुंडी चालते, मोठी बाधते.

दुपारचा चहा
झाडावर वाढतं म्हणजे बांडगूळ का? त्या झाडाचा रस पितं?

शेवाळ
नाही. नुसतं बसायला जागा घेतं. आमरी आणि कितीतरी नेचे राहतात तसं, अपिवनस्पती. अन्न स्वतःच्या हिरव्या फांद्यांत तयार करतं, पानं नाहीतच. पण तुमचा प्रश्न अगदीच वाट चुकलेला नाही. इंग्रजीत याला बांडगुळाच्या नावानेच ओळखतात, कारण फळं युरोपातल्या बांडगुळासारखी, पांढरट मोत्यांएवढी आणि चिकट असतात.

शंकेखोर
बॅसिफेरा ही रिप्सालिसची जाती अमेरिका खंडांबाहेर निसर्गात सापडणारी एकमेव कॅक्टस आहे असं वाचलं होतं. खरं का?

शेवाळ
खरं आहे. रिप्सालिस बॅसिफेरा अमेरिकेच्या उष्ण भागाशिवाय आफ्रिकेत, मादागास्करमध्ये, हिंदी महासागरातल्या काही बेटांवर आणि श्रीलंकेत आढळते. बाकी ठिकाणी कॅक्टस दिसतात ते माणसाने नेलेले.
ती तिकडे पोचली कशी यावर वाद आहे. खंड फुटले तेव्हा वाटली गेली म्हणावं तर हिशोब जुळत नाही. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अलग होऊन सुमारे 10 कोटी वर्षं झाली आणि कॅक्टस कुळ अंदाजे 3 ते साडेतीन कोटी वर्षांचं. म्हणून बरेचजण पक्ष्यांकडे बोट दाखवतात, चिकट बिया घेऊन समुद्र ओलांडला म्हणून. काहींच्या मते जुन्या जहाजांवरून गेली असावी. मला पक्ष्यांची बाजू जास्त पटते, कारण आफ्रिका-मादागास्करकडच्या काही झाडांत इतका फरक पडला आहे की त्यांना वेगळ्या उपजाती मानतात. मादागास्करची होरिडा नावाची उपजाती तर चक्क राठ केसाळ असते. असा फरक दोन-चारशे वर्षांत पडणं मला अवघड वाटतं.

टिकली
+१. वाचनखूण साठवली.

कौलारू
मुळं धुऊन, शेवाळ यांनी दिलेल्या मिश्रणात लावलं. पाणी कधी घालू?

पारंबी
मुळं कापली असतील तर दोन-तीन दिवस थांबा, जखमा सुकू देत. मग एकदा भरपूर. खत महिनाभर तरी नको. नंतर वाढीच्या दिवसांत पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या किंवा पाव ताकदीचं पुरतं. पेरं आणखी थोडी गळतील, घाबरू नका. सुरकुत्या काही दिवसांत भरून येतात. अगदी जुन्या, खालच्या फांद्यांवरच्या मात्र कधीकधी तशाच राहतात.

आणि आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, तो तुम्ही जाता जाता लिहिलात आणि कुणी उचलला नाही. वरचा भाग विरळ का? कुंडी छताच्या हुकाला आहे आणि खिडकीची वरची चौकट तिच्याखाली असणार. बरोबर?

कौलारू
हो! खिडकीचा वरचा काठ साधारण कुंडीच्या तळाशी येतो.

पारंबी
मग मुकुट, म्हणजे मातीतून फांद्या निघतात तो वरचा भाग, अंधारात आणि शेंडे उजेडात. लोंबणारी झाडं आपण वर टांगतो ती आपल्याला बघायला सोयीची म्हणून, झाडाला नाही. नवे फुटवे बुडातून यायचे तर बुडावर उजेड पडायला हवा. तो नसला की खालचे शेंडे तेवढे वाढतात, वर टक्कल पडतं, आणि आपण ठरवतो की झाड म्हातारं झालं. कुंडी इतकी खाली आणा की मातीचा पृष्ठभाग खिडकीच्या काचेसमोर येईल. लांब साखळी लावा. नाहीतर सरळ उंच स्टुलावर ठेवा. फांद्या जमिनीला टेकल्या तर टेकू देत.

उजेड किती ते बघायला कुंडीच्या जागी तळहात धरा. सावलीच्या कडा धूसर पण ओळखू येण्याजोग्या असतील तर छान. सावलीच पडत नसेल तर जागा अंधारी. कडा धारदार असतील तर थेट ऊन आहे. सकाळचं कोवळं चालतं, दुपारचं नको.

तळमजला
माझ्यासारख्यांनी काय करायचं? सावली पडतच नाही.

खटपट्या
दिवा. पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी, मुकुटापासून फूट-सव्वाफुटावर, दिवसाला बारा तास टायमरवर. जांभळा दिवा घ्यायची गरज नाही, खोली उगाच भुताटकीची वाटते. आणि दिवा येईपर्यंत रोप आणू नका.

टिकली
माझ्या फांद्यांची टोकं लालसर झालीत. तेही पाण्यामुळेच का?

शेवाळ
बहुधा उजेडामुळे. जास्त ऊन लागलं की कॅक्टस बीटालेन गटातली रंगद्रव्यं तयार करतात, बिटाला लाल रंग देणारीच. झाड निरोगी असेल तर हलकी लाली काही वाईट नाही, काहीजण मुद्दाम आणतात. पिवळट पडून डाग करपले तर मात्र हलवा. थंडीनेही लाली येते. 10 अंशांच्या खाली याला ठेवू नये.

टिकली
आणि फांद्यांना मधेच बारीक मुळ्या फुटतायत!

शेवाळ
स्वभाव आहे त्याचा. जंगलात टेकलेल्या जागी धरून ठेवायला उपयोगी पडतात. कापू नका, उलट त्याच फांदीचं नवं रोप करा, आयती मुळं आहेत.

दुपारचा चहा
छाट कलमाची रीत कुणीतरी नीट लिहा की.

खटपट्या
फार काही नाही. 8 ते 15 सेंटिमीटरचा तुकडा पेराच्या सांध्यावरून काढा. पिळून काढला तरी चालतो, सांधा आपोआप सुटतो. सावलीत एक-दोन दिवस सुकू द्या. मग सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खोल खोचा, किंचित ओलसर ठेवा, चिखल नको. दोन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. एकाच कुंडीत बरेच तुकडे जवळजवळ खोचा, एकट्या तुकड्याचा झुपका व्हायला फार वेळ जातो. कौलारू, तुमची गळलेली पेरं फेकली नसतील तर तीच मुकुटाच्या टकलावर खोचून द्या.

शंकेखोर
बियांपासून करून बघितलं कुणी?

पारंबी
केलंय. बॅसिफेराला बऱ्याचदा स्वपरागणानेही फळ धरतं, त्यामुळे एकच झाड असलं तरी चालतं. फळ पिकून अर्धपारदर्शक झालं की चिरडून गर धुवून टाकायचा आणि बिया ओल्या माध्यमावर नुसत्या पसरायच्या. झाकायच्या नाहीत, उजेड लागतो. गंमत म्हणजे उगवलेलं रोपटं रिप्सालिससारखं दिसतच नाही. कंगोरे असलेलं, बारीक राठ केसांचं, एखाद्या काटेरी कॅक्टसचं पिल्लू. आमच्या घरी सगळ्यांनी बिया बदलल्या गेल्याचं जाहीर केलं होतं. पुढे त्यातून गुळगुळीत फांदी फुटते. पण वेळ लागतो, हौस असेल तरच करा.

टिकली
कुठली जात सोपी? मला आणखी एक घ्यायचीय.

पारंबी
बॅसिफेरा आणि सेरेउस्कुला. सेरेउस्कुलाला आधी एक लांब, सरळ काडी येते आणि मग तिच्या टोकाला तांदळाएवढ्या बारीक पेरांचा झुपका. ती काडी बघून लोक उजेड कमी पडला म्हणून कापतात. कापू नका, तिची वाढच तशी. पिलोकार्पा लवदार आणि देखणी आहे, पण मला ती कोरड्या हवेत जरा नाजूक वाटली. पॅराडॉक्सा साखळीसारखी कोनाकोनांची, दणकट, पण हळू.
चपट्या, खाचा असलेल्या फांद्या आवडत असतील तर एपिफायलमकडे वळा. आपल्याकडे ज्याला सर्रास ब्रह्मकमळ म्हणतात, रात्री फुलणारं, ते एपिफायलम ऑक्सिपेटालम याच कुळातलं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. माध्यम आणि पाण्याचा हिशोब एपिफायलमला जवळपास हाच.

दुपारचा चहा
घरात मांजर आहे, लोंबणाऱ्या फांद्या म्हणजे तिला खेळणं. विषारी आहे का?

खटपट्या
रिप्सालिस विषारी मानत नाहीत. बांडगुळाची फळं विषारी, ही नाहीत. मांजराला काही होणार नाही, झाडाचं सांगता येत नाही.

कौलारू
ताजी खबर: फांद्या फुगल्या, सुरकुत्या बऱ्याचशा गेल्या. पिठ्या ढेकूण अजून एकदा दिसला, अल्कोहोल लावलं. कुंडी खाली आणल्यावर बुडातून दोन हिरवे कोंब दिसतायत. शिवाय जुन्या फांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या! आता झाड खिडकीकडे झुकलंय, कुंडी फिरवू का?

पारंबी
कळ्या असताना फिरवू नका, जागाही बदलू नका. उजेडाची दिशा किंवा ओल एकदम बदलली की या गोतावळ्यातली झाडं कळ्या टाकतात. फुलं लहान, पांढरट, सेंटिमीटरभराचीच असतात पण फांदीभर येतात. ती होऊन गेली की मग दर पाण्याच्या वेळी पाव फेरा फिरवत जा. आणि पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघायची सवय ठेवा. नव्या मिश्रणाचं ओलं वजन आणि सुकं वजन हाताला कळायला लागलं की वेळापत्रक लागत नाही.

कौलारू
ठीक. फळं धरली तर बिया कोणाला हव्यात ते आत्ताच सांगून ठेवा.

शंकेखोर
मला.

तळमजला
मला नकोत, आधी दिवा आणतो.